खोल पाण्यातील अंतर



प्राणवायूची टाकी न घेता, एकाच श्वासावर समुद्रात खोल बुडी मारण्याच्या स्पर्धा होतात. त्यांतील एका प्रकारात पायांत कल्ले चढवून खाली जायचे आणि सोबत नेलेले वजन न टाकता वर यायचे, असा नियम आहे. २०१८ साली बहामा बेटांवरील स्पर्धेत रशियाच्या अलेक्सेई मोल्चानोव्हने १३० मीटर, तर इटलीच्या अलेस्सिया झेक्किनीने १०७ मीटर खोली गाठली. दोन्ही त्या वेळचे विक्रम. अंतर २३ मीटर.

‘साहजिकच आहे,’ असे आपण लगेच म्हणतो. ‘पुरुषांची फुप्फुसे मोठी, रक्तात हीमोग्लोबिन अधिक, म्हणून प्राणवायूचा साठाही मोठा.’ हे खोटे नाही. पण मोठ्या शरीराला प्राणवायू लागतोही जास्त. शिवाय चेहरा पाण्यात जाताच हृदयाचे ठोके मंदावतात व प्राणवायूची बचत होते, ही सोय निसर्गाने दोघांनाही दिली आहे.

आता पुढचे आकडे पाहा. २०२१ साली पुरुषांचा विक्रम १३१ मीटर झाला आणि स्लोव्हेनियाच्या आलेन्का आर्टनिकने १२२ मीटर गाठले. अंतर उरले ९ मीटर! तीन वर्षांत स्त्रियांची फुप्फुसे काही वाढली नव्हती. मग २३ मीटरांचा सगळा हिशेब शरीररचनेच्या खात्यावर मांडणे बरोबर होते काय?

फरक अजूनही आहे; कदाचित पुढेही राहील. परंतु विक्रम ही एका व्यक्तीची मजल असते. त्यात सराव, तंत्र आणि स्पर्धेत किती जण उतरतात, हेही मिसळलेले असते.

कोरियातील जेजू बेटावर पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः स्त्रियाच बुडी मारून शंखशिंपले काढत आल्या. तेथे नेमके उलटे कारण सांगत: त्वचेखालील चरबीमुळे स्त्रियांना थंडी कमी बाधते, म्हणून हे काम त्यांचेच! जो पुढे दिसतो, त्याला साजेसे कारण आपण मागाहून शोधतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या सवयीपासून सावध राहावे.

अलेक्सेईच्या आई नतालिया चाळिशीत या खेळाकडे वळल्या. २०१३ साली, ५१ व्या वर्षी त्यांनी पाण्यात ९ मिनिटे २ सेकंद श्वास रोखला. अशा निष्णात बाई २०१५ साली स्पेनजवळच्या समुद्रात बुडी मारताना बेपत्ता झाल्या. म्हणून विहिरीत वा तलावात श्वास रोखण्याची पैज कधीही लावू नका.

प्रयोग करायचाच तर जमिनीवर करा. शाळेच्या स्पर्धांत मुलींचे आकडे कमी दिसले, तर आधी एक प्रश्न विचारा: वर्षभरात त्यांना मैदान किती दिवस मिळाले?