खपाबाहेरचे संपादक

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, तेव्हा पनवेलकरांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. त्याच्या सहाच दिवस आधी, ऐन गांधी जयंतीला, डॉ. जी. जी. परीख वयाची शंभरी ओलांडून गेले. याच पनवेल तालुक्यातल्या तारा गावी त्यांनी हयात घालवून युसुफ मेहेरअली सेंटर वाढवले. ‘चले जाव’ ही घोषणा देणाऱ्या मेहेरअलींच्या नावाची ही संस्था मुंबई-गोवा महामार्गावर आहे. दवाखाना, शाळा, तेलघाणी, साबण असा तिचा पसारा. पण जीजी संपादकही होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

१९४२ साली गवालिया टँकवरच्या काँग्रेस अधिवेशनाला हजर असलेला हा विद्यार्थी पुढे दहा महिने वरळीच्या तुरुंगात होता. त्याच दिवसांत बावीस वर्षांच्या उषा मेहता मुंबईत जागा बदलत बदलत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवत होत्या. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडले, पण तोवर सेन्सॉरने दाबलेल्या बातम्या घरोघर पोचल्या होत्या. फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६त हेच घडले. हुकूमशहा मार्कोसच्या माणसांनी रेडिओ व्हेरितास केंद्राचा ट्रान्समीटर मोडला, तर निवेदिका जून कीथली दुसऱ्या केंद्रावरून बोलत राहिल्या. दोनच दिवसांत मार्कोसने देश सोडला.

आज असा ट्रान्समीटर मोडायची गरजच उरलेली नाही. जाहिरात थांबवली की वाहिनीचा आवाज आपोआप खाली येतो. म्हणून जीजींचे ‘जनता’ साप्ताहिक महत्त्वाचे वाटते. १९४६ साली सुरू झालेले हे समाजवाद्यांचे इंग्रजी साप्ताहिक त्यांनी वर्षानुवर्षे चालवले. ना भांडवलदार पाठीशी, ना खपाचा डामडौल. आणीबाणीत त्यांना पुन्हा तुरुंग पाहावा लागला. समाजवाद्यांची शकले झाली, पक्ष विरघळले, अंक मात्र निघत राहिला. अशा पत्राचा प्रभाव तो किती, असे कुणी विचारेल. फारसा नाही, हे कबूल. पण त्याला गप्प करायला कापण्याजोगी जाहिरातच नव्हती!

विमानतळाभोवती आता रस्ते होतील, चौक होतील, नावांवरून भांडणेही होतील. त्यात जीजींचे नाव कुणी ओढू नये. त्यापेक्षा तालुक्यातल्या महाविद्यालयांनी ‘जनता’चे जुने अंक मिळवावेत आणि पत्रकारितेच्या मुलांना वर्गात वाचायला द्यावेत.