खांद्यावरचा संसार

माळव्यात, गुजरातेत, ग्वाल्हेरकडे किंवा हैदराबादेस पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांना प्रवास काही नवा नाही. कुलदैवत जेजुरीला नाही तर कोल्हापूरला, लग्नकार्ये पुण्यानाशकाला, आणि माहेर कुणाचे नागपूरला तर कुणाचे बेळगावला! वर्षातून दोन-तीनदा तरी गाडीची तिकिटे काढावी लागतातच. या प्रवासाची तयारी म्हणजे मोठ्या बॅगा भरणे, अशी आपली समजूत असते. साड्या किती घ्यावयाच्या, आहेर कोणते, शेव-चिवड्याचे पुडे कोठे ठेवावयाचे, याची चर्चा आठ-आठ दिवस चालते. आणि जी पिशवी प्रवासभर अंगावर वागवावयाची, तिचा विचार मात्र रिक्षा दारात येऊन उभी राहिली म्हणजे होतो. हाताला येईल ती पर्स उचलावयाची, तीत मावेल ते कोंबावयाचे आणि उरलेले एखाद्या दुकानाच्या कापडी थैलीत! मोठी बॅग बाकाखाली ढकलली की तिचे काम मुक्काम येईपर्यंत संपते; खरा प्रवास घडतो तो या लहान पिशवीला. यास्तव या महिन्यात तिच्याविषयीच लिहावयाचे योजिले आहे.

आपल्या आजी-पणजींपाशी पर्स नव्हती, म्हणून त्यांची अडचण होत असेल असे कोणी समजू नये. पैसे कनवटीला असत आणि बारीकसारीक वस्तूंसाठी बटवा कमरेला खोचलेला असे. पान खाणाऱ्यांची चंची तर मोठीच हुशारीची वस्तू. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी यांना स्वतंत्र कप्पे. अंधारातही हात बरोबर हव्या त्या कप्प्यात जाई. वारकऱ्यांच्या खांद्यावरील पडशीचे पाहा. दोन्ही टोकांना खण असलेली ती लांब पिशवी खांद्यावर टाकली की एक खण छातीवर, एक पाठीवर. ओझे दोहों बाजूंना सारखे वाटले जाते आणि मैलोगणती चालूनही मान एका अंगाला कलत नाही. पुढे १९७०-८० च्या सुमारास प्राध्यापक, कार्यकर्ते आणि कवी यांच्या खांद्यावर शबनम पिशवी आली. ती दिसावयास ऐटदार खरी, परंतु आत एकच खोल विहीर. तीतून किल्ली काढावयाची म्हणजे आधी पुस्तके, मग चष्मा, मग डबा असे सारे बाहेर! आज दुकानांतून मिळणाऱ्या पिशव्या पाहताना मला नेहमी वाटते, की चंचीचे कप्पे आणि पडशीचा समतोल ज्या पिशवीत असेल तिलाच प्रवासाची पिशवी म्हणावे.

परंतु आकार आणि कप्पे यांच्याही आधी एक प्रश्न येतो. ही पिशवी कोणाची? पुष्कळ घरांतून असे दिसते, की दिवसभराच्या सहलीस निघालेल्या पाच जणांचे पाणी, मुलांचे नॅपकिन, यजमानांचा चष्मा, सासऱ्यांची औषधे आणि सर्वांचे मोबाइल चार्जर एकाच खांद्यावर लटकत असतात, आणि तो खांदा गृहिणीचा असतो. याच्या उलट प्रकारही पाहावयास मिळतो. तिकीट, ओळखपत्र आणि पैसे हे सारे पुरुष माणसाच्या खिशात. तिच्या हातात केवळ शोभेची पर्स, जीत एक रुमाल आणि एक कंगवा. दोन्ही प्रकार घातक आहेत.

आमच्या परिचयातील एका वयस्क मावशींची हकीकत सांगते. रात्रीच्या गाडीने त्या पुण्याला निघाल्या होत्या. जिभेखाली ठेवावयाची गोळी मोठ्या बॅगेत, बॅग बाकाखाली साखळीने बांधलेली आणि कुलपाची किल्ली पलीकडच्या डब्यात झोपलेल्या भाच्यापाशी! मध्यरात्री छातीत कळ आली. शेजारच्या प्रवाशाजवळ तीच गोळी निघाली आणि वेळ निभावली. त्या दिवसापासून मावशींच्या खांद्याला त्यांची स्वतःची पिशवी असते आणि ती त्या झोपेतही उशाशी ठेवतात. वय, नाते, मान काही असो. प्रत्येकाचे औषध, तिकीट, ओळखपत्र, मोबाइल आणि थोडे रोख पैसे त्याच्या त्याच्या अंगावर असावेत. मुलांनाही आपापली पाण्याची बाटली उचलू द्यावी. (पुरुष वाचकांनी येथे पान उलटू नये, पिशवी वागवल्याने कोणाचा मान कमी होत नाही.)

आता वजन. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे असे म्हटले आहे, आणि तेही दोन्ही खांद्यांवर घ्यावयाचे दप्तर. मोठ्यांच्या एका खांद्यावरील पिशवीसाठी असा हिशेब कोणी करीत नाही. माझ्या मते भरलेली पिशवी अडीच किलोच्या पुढे जाऊ नये. पन्नाशी उलटलेल्यांनी दोन किलोंवरच थांबावे. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो. स्टीलची बाटली असेल तर तिचे वजन निराळे. यास्तव रिकाम्या पिशवीचे वजन आधी पाहावे. अस्तर, बकले आणि कड्या लावलेली कातडी पिशवी रिकामीच सहज किलोभर भरते. म्हणजे आपण खांद्यावर एक बाटली पाणी आधीच घेतले, आणि ते पिता मात्र येत नाही! घरातील वजनकाट्यावर भरलेली पिशवी एकदा ठेवून पाहावी. पुष्कळांना आपल्या खांदेदुखीचे कारण तेथेच सापडेल.

वजनाइतकाच पट्टाही महत्त्वाचा. तो बारीक दोरीसारखा किंवा साखळीचा असेल तर दोन तासांत खांद्यात रुततो. निदान दोन बोटे रुंद, चपटा आणि लांबी कमी-अधिक करता येईल असा पट्टा घ्यावा. पिशवी कमरेच्या हाडाशी टेकली पाहिजे. मांडीवर आपटणारी पिशवी चालणाऱ्याला दमवते. पट्टा जेथे पिशवीला जोडला असेल तेथील शिवण अवश्य पाहावी. चौकोन घालून आत फुली मारलेली शिवण ओझे पेलते. नुसती एक सरळ शीग असेल तर ती प्रवासातच दगा देणार. गर्दीत एका खांद्यावरून लोंबणाऱ्या पिशवीपेक्षा गळ्यातून आडवी घेतलेली पिशवी केव्हाही सुरक्षित. येथे साडी नेसणाऱ्या भगिनी विचारतील, पदराचे काय? पदर उजव्या कमरेकडून डाव्या खांद्यावर जातो. म्हणून पट्टाही डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे, पदराच्याच दिशेने घ्यावा. निऱ्या चुरगळत नाहीत, पदर आपोआप दाबून राहतो आणि पिशवी उजव्या हाताशी येते. खांद्यावरची पिन तेवढी पट्ट्याच्या खाली येऊ देऊ नये. ती बोटभर मागे लावावी.

पाठीवरची सॅक शरीराला सर्वांत सोयीची, यात शंका नाही. मांडवच्या पायऱ्या चढताना तिच्यासारखी सोबत नाही. तथापि ती पाठीमागे असते, आणि पाठीला डोळे नसतात. मुंबईच्या लोकलमध्ये माणसे सॅक छातीवर घेऊन उभी राहतात, ती जागा वाचावी म्हणून आणि खिसेकापूपासून जपावी म्हणूनही. गर्दीच्या ठिकाणी आपणही तेच करावे.

पिशवी मिटण्याची सोय नीट पाहून घ्यावी. टिचबटण किंवा चुंबक दिसावयास सुबक, परंतु गर्दीत त्याचा भरवसा नाही. वरची चेन पूर्ण मिटणारी हवी आणि पैशाच्या कप्प्याची चेन अंगाच्या बाजूस यावी. दुकानात ती दहा वेळा ओढून पाहावी. कोपऱ्यावर अडखळत असेल तर पिशवी कितीही सुंदर असो, खाली ठेवावी. आणि अस्तर! काळ्या पिशवीला काळेच अस्तर लावण्याची ही कसली रीत, कळत नाही. रात्री गाडीत दिवे मालवल्यावर काळ्या अस्तरात काळा मोबाइल आणि तपकिरी पाकीट शोधणे म्हणजे खरोखर चाचपडणे. अस्तर फिकट असावे. बदामी, आकाशी किंवा पिवळे. पडलेली गोळीसुद्धा दिसते.

कापड की कातडे, हा वाद जुना आहे. अस्सल कातडे टिकते आणि वयाबरोबर अधिक देखणे होते. शांतिनिकेतनच्या ठसेदार कातडी पिशव्या अनेक घरांतून वर्षानुवर्षे वापरात आहेत. परंतु पावसाळ्यात कातड्याला बुरशी येते. ते ओले झाले तर सावलीत वाळवावे, विस्तवाजवळ धरू नये. ठेवताना प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता जुन्या सुती कापडात गुंडाळावे, म्हणजे त्याला हवा मिळते. खरी फसगत होते ती कातड्यासारख्या दिसणाऱ्या मालात. कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला हा माल नवा असताना अगदी कातड्यासारखा भासतो. परंतु हवेतील ओलाव्याने तो थर हळूहळू विघटित होत असतो, आणि त्यासाठी पिशवी वापरलीच पाहिजे असे नाही. कपाटात जपून ठेवलेली पिशवी दोन-चार वर्षांनी काढावी तो पापुद्रे सुटून साडीला चिकटलेले! जपून ठेवल्याने असा माल टिकत नाही, हे ध्यानात असावे. ओळखावयाचे असेल तर पट्ट्याची कापलेली कड किंवा कप्प्याच्या आतील टोक पाहावे. वरच्या थराखाली विणलेले कापड दिसले की ते कातडे नव्हे.

नायलॉन हलके आणि लवकर वाळणारे. पावसाळी प्रवासास तेच उत्तम, जरी त्याच्या रूपाकडे पाहून कोणी हरखून जाणार नाही. जाड सुती कॅनव्हास मला स्वतःला सर्वांत पसंत. तो धुता येतो, फाटला तर गल्लीतील शिंपीही शिवून देतो आणि उन्हात तापत नाही. भिजला म्हणजे जड होतो, एवढेच. पैठणीच्या आणि माहेश्वरी काठाच्या पर्सेस लग्नघरात शोभतात. माहेश्वरीची वीण रेशमी सुताची आणि नाजूक. दिवसभराचे ओझे तिच्यावर टाकणे म्हणजे त्या विणकराच्या हातांचा अपमान आहे.

मग ऐट कोठून आणावयाची? ऐट प्रमाणातून येते, असे मला वाटते. लहानखुऱ्या बाईच्या अंगावर भली थोरली पिशवी पोस्टमनच्या झोळीसारखी दिसते आणि उंच, भरदार व्यक्तीच्या हातातील इवलीशी पर्स विसरल्यासारखी. साधारण ३० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर उंच आणि १० सेंटिमीटर जाड पिशवी बहुतेकींना शोभते आणि पुरते. प्रत्येक साडीशी जुळणारी पिशवी घेण्याचा हव्यास प्रवासात फोल आहे. चिंचेचा तपकिरी, मेंदीचा हिरवा किंवा गर्द निळा, यांतील एक रंग घ्यावा. तो दहा साड्यांशी जमतो आणि धूळही खपवून घेतो. चकचकीत कड्या-साखळ्या जितक्या कमी, तितकी पिशवी खानदानी दिसते आणि चोराचे लक्षही कमी वेधते.

इंदुराहून दिवसभरात जाऊन येण्याजोगी स्थळे थोडी नाहीत, आणि प्रत्येक ठिकाणी पिशवीची निराळी परीक्षा होते. ओंकारेश्वरास नावेत चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. तेथील माकडांना प्रसादाची उघडी थैली दुरूनही ओळखू येते. उज्जयिनीस महाकालाच्या मंदिरात डिसेंबर २०२२ पासून मोबाइल नेण्यास मनाई झाली, तेव्हा मोबाइल आणि मोठी पिशवी बाहेर ठेवण्याची तयारी करूनच जावे. अशा वेळी उपयोगी पडतो तो पिशवीतील पिशवीचा उपाय. पैसे, ओळखपत्र, औषधे आणि किल्ली एका लहान बटव्यात घालून तो पिशवीच्या आतील कडीला अडकवावा. पिशवी ठेवावी लागली तर बटवा काढून कमरेला खोचावा, आजीसारखा. विमानाने जाणाऱ्यांनी मोबाइलची पॉवर बँक याच पिशवीत ठेवावी. मोठ्या सामानात ती देता येत नाही.

मनाजोगी पिशवी दुकानात मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी किंमत ऐकून परत ठेवावी लागते. त्यापेक्षा शिवून घेणे बरे. आपल्याकडे त्यासाठी बाघचे छापील कापड आहे. धार जिल्ह्यातील बाघ गावाचे ते लाल-काळे ठसे पांढऱ्या जमिनीवर असे काही उठून दिसतात, की वेगळ्या सजावटीची गरज पडत नाही. मात्र ते कापड एकटे पातळ पडते; त्याच्या पाठीशी कॅनव्हास जोडून शिवावयास सांगावे. वर दिलेल्या मापास अर्धा मीटर बाघ आणि तितकाच कॅनव्हास पुरेल. पट्ट्याला त्याच कापडाची घडी न घालता अरुंद सुती नवार घ्यावी. ती ताणली जात नाही आणि खांद्याला बोचत नाही. पिशवीचा तळ आणि खालचे कोपरे लवकर मळतात, म्हणून तेथे चार बोटे गर्द तपकिरी कॅनव्हासची पट्टी बाहेरून लावून घ्यावी. आत पुढच्या बाजूस मोबाइल आणि चष्मा यांचे दोन उघडे कप्पे, मागे अंगाच्या बाजूस चेनचा एक, आणि एका अंगाला बाटलीसाठी इलॅस्टिकचा पट्टा, म्हणजे बाटली आडवी होऊन तिकिटे भिजावयाची नाहीत. कापड शिवण्यापूर्वी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून, दोन पाण्यांतून काढून सावलीत वाळवावे. बाघचा लाल रंग पहिल्या धुण्यात थोडा सुटतो आणि तो पांढऱ्या साडीवर उतरला तर मग निघता निघत नाही.