वृद्धांची वाट
ज्या पुण्यात २०२१ सालापासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो, त्याच पुण्यात सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थास एरवी मंडईपर्यंत जावयाचे झाल्यास पदपथाची वीतभर उंच कड, तीवर उभी केलेली दुचाकी आणि मध्येच पालटणारा सिग्नल यांचा हिशेब घरातूनच करून निघावे लागते, ही स्थिती आम्हांस अत्यंत क्लेशदायक वाटते. सिंगापुरात २००९ पासून वृद्धाने आपले सवलतीचे कार्ड खांबावरील यंत्रास लावताच रस्ता ओलांडण्यास ३ ते १३ सेकंद अधिक मिळतात. केवढा हा आदर! असा बंदोबस्त येथेही व्हावा, आणि तोवर निदान बाक, शौचालये व उतरते पदपथ दर्शविणारा प्रभागवार नकाशा प्रत्येक विरंगुळा केंद्रात ठळक अक्षरांत लावावा, अशी महानगरपालिकेस आमची आग्रहाची विनंती आहे.