‘प्रभूने मला सांगितले’

प्रार्थनासभा संपून चहा फिरू लागला की हल्ली एक वाक्य हटकून कानावर येते: ‘प्रभूने मला सांगितले.’ प्रभूने सांगितले म्हणून नोकरी सोडली, प्रभूने सांगितले म्हणून मुलीचे स्थळ पक्के केले, प्रभूने सांगितले म्हणून गावाकडची दोन एकर विकली. एवढे म्हटले की समोरच्याचे तोंड बंद. देवाशी हुज्जत कोण घालणार?

प्रभू आजही बोलतो, याविषयी आमच्या मनात शंका नाही. शंका आहे ती आपल्या कानांविषयी. आपली घाई, आपली धास्ती, आपली हौस यांवर त्याच्या नावाचा शिक्का मारायची सवय आपल्या मंडळ्यांना जडली आहे, आणि ती आता अंगाशी येऊ लागली आहे.

कोणत्याही पाळकाला ओळखीचे वाटेल असे एक घर डोळ्यांपुढे आणा. आई मधुमेही. आरोग्यसभेत व्यासपीठावरून पुकारा होतो की डावीकडे बसलेल्या एका बहिणीची साखर प्रभूने काढून टाकली. ही डावीकडेच बसलेली. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद. उरलेली पट्टी पवित्र शास्त्राच्या चेनवाल्या कव्हरात जाते, पुढे साक्ष देताना दाखवायला. काही आठवड्यांत पायाची जखम चिघळते. पुकारा करणारे तोवर पुढच्या गावी पोहोचलेले असतात आणि इकडे तिलाच ऐकवले जाते, ‘मावशी, तुमचा विश्वास कमी पडला.’ ऐकण्यात त्यांचीच चूक झाली असेल, हे कोणी बोलत नाही.

शास्त्रात मात्र ते स्वच्छ लिहिलेले आहे. दावीद स्वतः गंधसरूच्या घरात राहत होता आणि देवाचा कोश तंबूत, ही गोष्ट त्याला खुपली. मंदिर बांधायचे त्याच्या मनात आले. नाथान संदेष्टा ताबडतोब म्हणाला की मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. राजा भला, बेत धार्मिक. विचारायचे काय त्यात? त्याच रात्री परमेश्वराने नाथानाला सांगितले की हे घर दावीद नव्हे, त्याचा मुलगा बांधील. नाथान लबाड नव्हता, खोटा संदेष्टा तर नव्हताच. तो उत्साहाच्या भरात देवाच्या वतीने बोलून गेला. पुन्हा राजापुढे उभे राहून त्याने स्वतःचाच शब्द फिरवला. संदेष्टेपण त्यामुळे गेले नाही. पुढे बथशेबेच्या प्रकरणात याच दावीदाला तोंडावर दोषी ठरवायला देवाने नाथानालाच पाठवले.

नाथानाची चूक एका रात्रीत दुरुस्त झाली. अमेरिकेतल्या फॅमिली रेडिओचे हॅरोल्ड कॅम्पिंग यांचे 1994 सालचे भाकीत फसले, तरी त्यांनी 21 मे 2011 ही न्यायाच्या दिवसाची नवी तारीख दिली. श्रोत्यांपैकी काहींनी नोकऱ्या सोडल्या, काहींनी आयुष्यभराची पुंजी जाहिरातफलकांत घातली. 22 मे नेहमीसारखी उजाडली. मग न्याय अदृश्यपणे झाला, शेवट 21 ऑक्टोबरला, असे सांगण्यात आले. तोही दिवस गेला. मार्च 2012 मध्ये त्यांनी पत्र काढून आपली चूक आणि आपले पाप कबूल केले. वयाच्या नव्वदीत ही कबुली द्यायला धैर्य लागते. पण ती दहा महिने उशिरा आली होती.

मग ओळखायचे कसे? यशावरून तर नाहीच. मासेदोनियाचे दर्शन खरे होते, तरी फिलिप्पैमध्ये पौलाच्या वाट्याला फटके आणि तुरुंग आला. लूकचा मजकूर बारकाईने वाचा: त्रोवसात दर्शन झाले एकट्या पौलाला, पण देवाने बोलावले आहे असे अनुमान ‘आम्ही’ काढले, असे तो लिहितो. एकाने पाहिले, अनेकांनी पारखले. आपल्याकडे नेमका हा ‘आम्ही’ गळाला आहे. शंका काढणारा विश्वासात थंड पडला, असे आपण लगेच ठरवून टाकतो.

थांबणे म्हणजे आज्ञाभंग, हाही असाच एक समज. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, मुंबईतला. लक्ष्मीबाईंचा 1900 चा, राहुरीतला. नवऱ्याला झालेला साक्षात्कार त्यांनी आपला म्हणून उसना घेतला नाही. त्यांना स्वतःला पटायला पाच वर्षे लागली. आज एखाद्या सुनेला आपण पाच आठवडे तरी देऊ का?

पाळकांना आणि पंचांना आमची विनंती आहे. व्यासपीठावरून बरे केल्याची घोषणा झाली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी गोळी बंद करू नये, हे त्याच व्यासपीठावरून सांगा. जमीन, लग्न, नोकरी यांबाबतचा निरोप कोणी आणला, तर तो आणणाऱ्यालाही बसवून चार प्रश्न विचारा. आणि येत्या रविवारी साक्षीच्या वेळी ‘तो आवाज प्रभूचा नव्हता, माझाच होता’ असे सांगायला कोणी उभा राहिला, तर त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत गाणे सुरू करू नका.