पाठीवरचं पाणी

पाऊस सरला की हल्ली घरोघरी एक नवा बेत शिजतो, तो म्हणजे एक दिवसाचा ट्रेक. आमच्या घरातही हे वेड शिरलं आहे. मुलांना डोंगर हवा, ह्यांना फोटो हवेत, आणि मला घर व शाळा सोडून चार मोकळे तास हवेत. पण गेल्या वर्षी असा काही धडा मिळाला, की आज नेहमीच्या घरगुती सूचना बाजूला ठेवून पाण्याच्या सॅकविषयीच लिहायचं ठरवलं.

ऑक्टोबरात आम्ही कळसूबाईला गेलो होतो. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून चढायला लागलो. १६४६ मीटर उंचीचं हे आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर. वाटेत कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पाण्याच्या बाटल्या, डबे, नॅपकिन असं सगळं एकाच सॅकमध्ये कोंबून ती मी पाठीवर घेतली होती. घरातलं पाणी भरणं जसं आपल्याकडे, तसं डोंगरावरचंही! "आई, पाणी!" अशी हाक आली की थांबायचं, सॅक उतरवायची, तळातली बाटली काढून द्यायची, पुन्हा सॅक चढवायची. तोवर मंडळी पुढे गेलेली. स्वतः मात्र मी घोटभरही पीत नव्हते. सारखं थांबायचा कंटाळा हे एक कारण. दुसरं तुम्हाला सांगायला नकोच. वाटेवर माणसं, आडोसा कुठे नाही. मग पाणीच कमी प्यायचं, हा आपला जुना उपाय!

उतरताना नेमका शिडीवरच पायात गोळा आला आणि डोळ्यांपुढे अंधारी. ह्यांनी घट्ट धरलं म्हणून निभावलं. पुढे दोन दिवस डोकं ठणकत होतं आणि लघवीला जळजळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तहान लागली की पाणी प्यावं, हे वर्गात मुलांना शिकवता ना? मग तुम्हाला कुणी शिकवायचं?" अगदी खजील झाले.

त्यानंतर मी नळीची सॅक घेतली. पाठीशी पाण्याची मऊ पिशवी, तिची नळी खांद्यावरून तोंडाशी, चालता चालता घोट घ्यायचा. हिचा जन्मही गरजेतूनच झाला. १९८९ साली अमेरिकेत टेक्ससच्या रणरणत्या उन्हातल्या शंभर मैलांच्या सायकलफेरीत मायकेल आयडसन नावाच्या गृहस्थाने सलाईनच्या पिशवीत पाणी भरलं, ती लांब मोज्यात घालून पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावर घेतली. त्यातूनच पुढे 'कॅमलबॅक' ही सॅक निघाली.

आता खरेदीचं. दुकानात पहिला गोंधळ लिटरचा होतो. सॅकवर '१२ लिटर' वाचून हे म्हणाले, "अगं, हा हंडा न्यायचा आहे का?" तो आकडा सॅकमध्ये सामान किती मावतं त्याचा असतो. पाण्याच्या पिशवीचा आकडा वेगळा: दीड, दोन किंवा तीन लिटर. चढावर तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरा, ऊन कडक असेल तर जास्त. पाच-सहा तासांच्या वाटेला तीन लिटरची पिशवी असलेली बरी, थंडीत ती कमी भरता येते. मात्र एक लिटर म्हणजे एक किलो वजन, हे विसरू नका. डबा, टोपी, पातळ जाकीट मावायला १२ ते १५ लिटरची सॅक पुरते.

दुसरं म्हणजे माप. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज आपण घालतो का? मग सॅक तरी ह्यांच्या मापाची का घ्यावी? मान खाली घातली की मानेच्या मागे हाड वर येतं. तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या पातळीपर्यंत टेपने मोजा आणि त्या लांबीची सॅक मागा. छातीवरचा पट्टा वर-खाली सरकणारा हवा, नाहीतर आपल्याला तो नेमका नको तिथे काचतो. कमरेलाही पट्टा हवा. दुकानात रिकामी सॅक कुणालाही हलकीच वाटते, म्हणून आत वजन घालून दहा मिनिटं चालून बघा.

तिसरं, पिशवीचं तोंड. हात आत जाईल एवढं रुंदच घ्या. माझ्या जाऊबाईंनी रंग पाहून स्वस्तातली घेतली. तोंड अरुंद, पाण्याला प्लॅस्टिकचा वास, आणि तोटी गळून पाठ ओली! पिशवी खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीच्या प्लॅस्टिकची, 'बीपीए-मुक्त' लिहिलेली असावी. नळीच्या टोकाशी बंद करायची कळ हवी. घरी आल्यावर पिशवी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, गळती लगेच कळते.

भरल्यावर पिशवी उलटी धरून नळीने आतली हवा ओढून घ्या, मग पाणी डुचमळत नाही. सरबत तिच्यात कधीही घालू नका, साखरेने बुरशी धरते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) असं पाणी वेगळ्या बाटलीत न्या. पाठीवरचं पाणी किती उरलं ते दिसत नाही, म्हणून अर्ध्या वाटेवर उघडून पाहायचं.

घरी परतल्यावर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून अर्धा तास ठेवा आणि खळखळून धुवा. नळीत जाड दोरा ओवून, त्याला चिंधी बांधून ओढायची, परकरात नाडी ओवतो तशीच. पिशवीत छोटी रवी उभी घालून उलटी टांगली की आतून छान सुकते. सुकल्यावर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर बुरशीची भीती नाही.

राहिला प्रश्न आडोशाचा. पायथ्याच्या गावात नाश्ता घ्याल तिथे संडासाची सोय आधी विचारा. सॅकमध्ये एक जुनी ओढणी ठेवा आणि बरोबरच्या बाईला निःसंकोच सांगा, "जरा धरून उभी राहा गं." लाजून तहान मारण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

यंदा आम्ही पुन्हा कळसूबाईला गेलो. मुलांच्या पाठीवर त्यांच्या बाटल्या, ह्यांच्या पाठीवर ह्यांचं पाणी आणि डबेसुद्धा. मी घोट घोट पाणी पीत चढले आणि शिड्या न घाबरता उतरले. वर पोचल्यावर धाकटा म्हणाला, "आई, तुझ्या नळीतलं थोडं दे ना!" म्हटलं, "स्वतःचं आधी संपव."