हरणी, पाडस आणि शेतराखण

रब्बी ज्वारी वीतभर वर आली अथवा हरभऱ्यास घाटे धरू लागले की, माळरानालगतच्या शिवारांत हरणांचा उपद्रव सुरू होतो. काळविटांचा एखादा कळप रात्री उतरला तर सकाळी कोवळ्या पिकाचे शेंडे खुडलेले आढळतात. कर्ज काढून पेरणी केलेल्या कुटुंबाला ही हानी लहान नसते. तिला क्षुल्लक लेखून शेतकऱ्यास केवळ भूतदयेचा उपदेश करणे न्यायाचे होणार नाही. तथापि पिकाचे रक्षण करणे ही एक गोष्ट, आणि गाभण हरणी अथवा दुधावरचे पाडस मारणे ही अगदी दुसरी गोष्ट होय. हा भेद दृष्टीआड होऊ लागला आहे, हीच चिंतेची बाब आहे.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांच्या शिकारीस मनाई आहे. काळविटाचा समावेश तर पहिल्या अनुसूचीत असून, त्याच्या शिकारीबद्दल तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. फासा लावणे, विष घालणे, इतकेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे, हेही कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. असे असता नीतीचा प्रश्न वेगळा का काढावा, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, प्रत्येक बांधावर रात्री वनरक्षक उभा राहू शकत नाही. तार ठोकावी की न ठोकावी, हे अखेर ज्याचे त्यानेच अंधारात ठरवावयाचे असते. आणि तेथे मनुष्याचा स्वतःचा विवेक हाच खरा राखणदार ठरतो.

हरणीची रीत ठाऊक असली म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. काळविटाची मादी सुमारे सहा महिने गर्भ वाहते व बहुधा एकच पाडस देते. पहिले काही दिवस ते पाडस कळपाबरोबर धावू शकत नाही. गवतात किंवा उभ्या पिकात ते निपचित पडून राहते. आई दूर चरते आणि पाजण्यापुरती त्याच्याजवळ येते. एकटे दिसणारे पाडस टाकून दिलेले असते, हा समज चुकीचा आहे. ते आईने लपविलेले असते. अशी हरणी मारली तर जीव एक जात नाही, दोन जातात; दुसरा उपाशी राहून, कोणाच्या दृष्टीस न पडता जातो. शिवाय काळवीट व चितळ यांच्या माद्या वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत वितात. म्हणून अमुक एका ऋतूत हरणी मारली तर बाध नाही, असे आपल्याकडे म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये हरणांची शिकार कायदेशीर आहे. तेथेही १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात माद्या मारण्यास मनाई असते, कारण पिले तेव्हा आईवर अवलंबून असतात.

ही मर्यादा या देशालाही नवी नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात गाभण अथवा पिलांना पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी, तसेच सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिले मारू नयेत, अशी आज्ञा कोरलेली आहे. महाभारतातील पांडुराजाची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. मृगरूपातील किंदम ऋषीने राजाला दोष दिला तो मृगयेबद्दल नव्हे. समागमात असलेल्या मृगावर बाण सोडल्याबद्दल दिला. मारणाऱ्यालाही काळवेळेचे बंधन असते, हा त्या कथेचा अर्थ होय.

महाराष्ट्रातील फासेपारधी समाजाचा परंपरागत व्यवसाय हरणांना फाशात पकडण्याचा होता. तरीही फाशात सापडलेली गाभण हरणी व पाडस सोडून देण्याची रीत त्यांच्यात होती, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. ज्यांचे पोट शिकारीवर चालत होते त्यांनी हे बंधन पाळले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पारधी फाशाजवळ हजर असे. काय सापडले ते पाहून काय सोडावयाचे ते त्याला ठरविता येई. आज बांधावर बांधलेला तारेचा फास व कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह यांना डोळे नसतात. नर कोणता, गाभण कोणती, पाडस कोणते, इतकेच काय, शेजाऱ्याची गाय कोणती आणि पाणी द्यायला निघालेला माणूस कोणता, हेही त्यांना कळत नाही. अशी साधने लावणाऱ्याने निवडीचा अधिकार आधीच टाकून दिलेला असतो. परंतु जबाबदारी मात्र त्याच्यावरून टळत नाही.

कोणी असेही म्हणेल की, आज हरणी वाचविली तर उद्या तिचे पाडस पीक खाईल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु एक हरणी मेल्याने कळप शिवार सोडत नाही. शिवाराला लागलेले गवताळ रान मोडले, गायरान नांगरले गेले, की हरणांना पिकाखेरीज चारा उरत नाही, हे उपद्रवाचे एक मोठे कारण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. परंतु ते आकाराने लहान आहे, आणि अशा रानांभोवतीच्या शेतकऱ्यांवर भार पडतोच. हा भार एकट्या शेतकऱ्याने सोसावा, असे नव्हे. नुकसानभरपाईची तरतूद त्यासाठीच आहे आणि ती वेळेवर मिळणे हा त्याचा हक्क होय.

या बाबतीत ग्रामसेवक व कृषिसेवक यांना बरेच काही करता येईल. नुकसान होताच वन खात्याकडे अर्ज जावा व पंचनामा विनाविलंब व्हावा, यासाठी त्यांनी शेतकऱ्यास साहाय्य करावे. एकेकट्याने तार लावण्याऐवजी पाळीपाळीने सामुदायिक राखण व काटेरी कुंपण यांचा प्रसार करावा. कापणीपूर्वी शेतातून एकदा फिरून पाहावे. यंत्राने कापणी असल्यास मधून बाहेरच्या बाजूस कापीत यावे, म्हणजे दडलेल्या जिवाला निसटण्यास वाट राहते. पाडस आढळल्यास त्याला उचलून घरी नेऊ नये; कुत्री बांधून ठेवावीत व माणसांनी दूर व्हावे, म्हणजे आई परत येते. ते जखमी असेल तरच वनरक्षकास कळवावे.

गाभण शेळी खाटकास न विकणारा आणि व्यालेल्या गाईचे वासरू आधी पाजून मग धार काढणारा शेतकरी ही मर्यादा जाणतो. गोठ्यात जो नियम तो पाळतो, तोच बांधापलीकडे पाळावा, एवढीच अपेक्षा आहे. पिकाची राखण जरूर व्हावी. परंतु ती उघड्या डोळ्यांनी व्हावी.