पीडीएफ वाटा, पण मूळ मजकूर जपा!

चळवळीचे कितीतरी लेख आणि पत्रके आज फक्त पीडीएफमध्ये उरली आहेत. त्यात दुरुस्ती करणे अवघड. जुन्या फॉन्टमधला मजकूर तर धड शोधताही येत नाही. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे: मूळ लेखन युनिकोडमध्ये, मार्कडाउन फाइलमध्ये ठेवा. शीर्षकाआधी हॅश, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका, सुरुवातीला एवढे पुरे. पॅनडॉक हे २००६ पासूनचे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर त्याच फाइलमधून वर्ड, ईपब, वेबपान बनवते; पीडीएफसाठी झीलाटेक आणि देवनागरी फॉन्ट सोबत लागतो. आपला आवाज आपल्या हाती असावा म्हणून बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढले. मग आपल्याच लेखनाची मूळ प्रत आपल्या हाती का नसावी?

जय भीम!